खरा आवाज कोणत्या टेपचा?

घरात दोन स्पूल टेपरेकॉर्डर असले आणि एकच फीत आधी एकावर, मग दुसऱ्यावर लावली, तर गाणे तेच असूनही आवाज सारखा येत नाही. एकावर तानपुऱ्याची जवारी झणझणीत ऐकू येते, दुसऱ्यावर तीच घोंगडी पांघरल्यासारखी वाटते. मग घरात दोन पक्ष पडतात. यातला खरा आवाज कोणता? प्रश्न हौशी माणसांचा वाटतो खरा. पण टेपचा इतिहासच मुळी अशा तुलनेतून घडत गेला आहे.

१९२८ साली फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मन तंत्रज्ञाने कागदाच्या पट्टीवर लोहाची भुकटी चिकटवून बोलणारी फीत तयार केली. पुढे एईजी कंपनीने यंत्र आणि बीएएसएफने फीत बनवली. १९३५ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ लोकांसमोर आला. १९ नोव्हेंबर १९३६ रोजी थॉमस बीचम यांच्या लंडनच्या वाद्यवृंदाचे वादन लुडविग्सहाफेन येथे या फितीवर मुद्रित झाले. सूर उतरले, पण त्यांच्याबरोबर पावसाच्या सरीसारखी फसफसही उतरली. १९४० मध्ये वॉल्टर वेबर यांना त्यावर उपाय सापडला. मुद्रण करताना कानाला ऐकू न येणारी अतिउच्च कंपनांची विद्युतधारा त्यात मिसळायची, एवढीच युक्ती. फसफस एकदम ओसरली. फीत तीच राहिली, आवाज मात्र बदलून गेला.

हा बदल जर्मनीबाहेर ओळखला तो एका जागत्या कानाने. १९४४ मध्ये अमेरिकन लष्करातील अभियंता जॅक मलिन इंग्लंडमध्ये रात्रपाळी करीत असे. मध्यरात्र उलटून गेल्यावरही जर्मन रेडिओवर वाद्यवृंद वाजत असायचा. एवढ्या अपरात्री वादक कसे बसले असतील? तबकडी म्हणावी, तर सुईची खरखर नाही. काय ऐकू येत नाही, त्यावरून मलिनला शंका आली! युद्ध संपल्यावर बाड नाउहाइम येथील रेडिओ केंद्रात त्याला ते यंत्र सापडले. दोन यंत्रांचे सुटे भाग आणि पन्नास स्पूल त्याने मायदेशी पाठवले. १६ मे १९४६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याचे प्रात्यक्षिक झाले. १९४७ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीने आपला रेडिओ कार्यक्रम टेपवर घ्यायला सुरुवात केली आणि १९४८ मध्ये अँपेक्स कंपनीचे यंत्र बाजारात आले.

पुढे ग्रुंडिग, आकाई, सोनी अशी यंत्रे घराघरांत शिरली. आपल्याकडेही हौशी मंडळींनी खासगी बैठका, कीर्तने, मुशायरे, घरातल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे असे कितीतरी स्पूलवर धरून ठेवले. त्यातले पुष्कळसे दुसरीकडे कुठेच नाही.

म्हणूनच तुलना नीट करायला हवी. आधी दोन्ही यंत्रांचा आवाज सारख्या पातळीवर आणावा. मोठा आवाज आपल्याला चांगलाच वाटतो. अमेरिकेतील फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले, की आवाज लहान केला की कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. मग गती पाहावी. सेकंदाला १९ सेंटिमीटरने भरलेली फीत साडेनऊवर लावली, तर गवई पेंगत गातो. फितीवर किती पट्ट्यांत मुद्रण आहे, हेही पाहावे. हेड वेगळ्या मापाचे असेल, तर दुसऱ्या बाजूचे बोलणे उलटे होऊन मध्येच डोकावते. आणि हेड केसभर जरी तिरपे बसले, तरी वरचे सूर झाकोळतात. जवारी हरवते ती बहुधा इथेच.

तेव्हा महागडे यंत्र ते खरे, असे नाही. ज्या यंत्रावर फीत भरली, त्याची गती, त्याच्या पट्ट्या, त्याच्या हेडचा कल यांच्याशी ज्याचा मेळ बसेल, ते त्या फितीपुरते खरे.

यात घाई मात्र महागात पडते. १९७०-८०च्या दशकांतल्या काही फितींमधला चिकट थर हवेतला ओलावा शोषून घेतो. अशी फीत चालवली, की भुकटी हेडवर खरवडून निघते आणि तिच्याबरोबर गाणेही जाते. आपल्या दमट किनारपट्टीवर तर हे ध्यानात ठेवायलाच हवे. फीत अडखळली, किंचाळली, तर तिथेच थांबवावी आणि जाणकाराला दाखवावी. यंत्रांची पारख बिनमहत्त्वाच्या फितीवर करावी.

कारण जुन्या फितीची संगणकावर प्रत बहुतेक एकदाच होते. ती चुकीच्या यंत्रावरून केली, तर नातवंडे आजोबांचा दबलेला आवाज ऐकतील आणि म्हणतील, आजोबा असेच गात असत. त्यांना दुरुस्त करायला तेव्हा कोणी उरलेले नसेल.