प्रतिपिंड व कोशिकेचा सांगाडा
प्रतिपिंड व कोशिकेचा सांगाडा : कोशिकेला आकार व बळकटी देणाऱ्या तंतुमय प्रथिनांचे प्रतिपिंडांच्या साहाय्याने केलेले संशोधन. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडास अनुस्फुरक (प्रकाश पडताच चमकणारे) रंजक जोडण्याची पद्धत अल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये मांडली. तिच्या आधारे लाझारिडीस व वेबर यांनी १९७४ मध्ये कोशिकेतील ॲक्टिनाचे तंतू दाखविले. कोलर व मिलस्टाइन यांच्या १९७५ मधील पद्धतीने एकजिनसी प्रतिपिंड मिळू लागले आणि केराटिनाचे प्रकार वेगवेगळे ओळखता आले.

महाराष्ट्रात या तंत्राचा उपयोग तंबाखूशी निगडित असलेल्या मुखकर्करोगाच्या अभ्यासात झाला. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत मिलिंद वैद्य व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये गालाच्या अस्तराच्या कर्करोगात केराटिने बदलतात, असे दाखविले. एरवी एकस्तरी अस्तरात असणारी ८ व १८ क्रमांकांची केराटिने मुखाच्या अर्बुदांत आढळतात. त्यांचा अभाव घडविलेल्या कोशिकांची अर्बुदजनकता घटते, असे त्यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केले. रोगाची केवळ खूण मानलेले प्रथिन रोगवाढीत सहभागी असल्याचे त्यातून सूचित झाले.

प्रतिपिंड भलत्याच प्रथिनास चिकटल्यास निष्कर्ष चुकतो. म्हणून ते प्रथिन नसलेल्या कोशिकांवर त्याची पडताळणी आवश्यक ठरते.