स्मृतीचा धागा आणि ‘मी’ची ओळख

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित झाले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी स्थापन केली आणि तिचा कारखाना श्रीपूरला उभा राहिला. नीरेच्या कालव्याचे पाणी आणि ऊस यांवर जगणाऱ्या अशा परिसरात काळ मोजण्याची रीत निराळी असते. घरातील जन्म, लग्ने आणि मृत्यू हे ‘त्या वर्षीच्या गळितात’ किंवा ‘१९७२ च्या दुष्काळात’ अशा खुणांनी ध्यानात ठेवले जातात. जुन्या पिढीतील कित्येकांना आपली जन्मतारीख ठाऊक नसते; परंतु आपला जन्म कोणत्या संकटाच्या आगेमागे झाला, हे आईने सांगितलेले असते आणि तेवढ्यावर ते निश्चिंत असतात.

मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली. मनुष्य एकट्याने फारसे काही आठवत नाही. कुटुंब, धर्म आणि समाज यांनी पुरविलेल्या चौकटीतच तो आपला भूतकाळ पाहतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९४५ साली बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत त्याचा अंत झाला. त्याच्या सिद्धान्तातून एक प्रश्न उभा राहतो. भोवतालची चौकट शाबूत असूनही एखाद्याच्या मनातील धागाच वारंवार तुटत असेल, तर त्याच्या ‘मी’चे काय होते? मानसरोगशास्त्राने या प्रश्नाचा विचार ज्या विकाराच्या निमित्ताने विशेषत्वाने केला, त्याला ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ म्हणजे ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ असे म्हणतात. त्याचा इतिहास आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावा असा आहे.

स्मृती आणि ‘मी’ यांचे नाते ख्रिस्ती परंपरेला अपरिचित नाही. संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस आपले आत्मनिवेदन लिहिले. पहिल्या नऊ भागांत गतायुष्य सांगून झाल्यावर दहाव्या भागात ते स्मृतीकडेच वळले आणि तिला त्यांनी विशाल दालनांच्या प्रासादाची उपमा दिली. त्या दालनांत हिंडताना माणसाला जगाची भेट होते, त्याचप्रमाणे स्वतःचीही भेट होते, हे त्यांना उमगले.

मराठीत या भेटीचे सर्वांत हृद्य उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झालेली, वडिलांना सोवळ्या-ओवळ्याच्या अतिरेकाने ग्रासलेले, बालपणीच लग्न झालेले आणि पती रेव्हरंड ना. वा. टिळक केव्हा घर सोडून निघून जातील याचा नेम नाही, असे ते आयुष्य. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या ओळखीचे सारे आधार एका दिवसात ढासळले. ताटातुटीच्या त्या वर्षांतील काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्राला साहाय्य व्हावे म्हणून त्या आठवणी लिहू लागल्या आणि त्यांतून १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई मनोरुग्ण नव्हत्या, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्यांचा उल्लेख केला तो निरोगी स्मृतीचे सामर्थ्य ध्यानात यावे म्हणून. सोवळे पाळणारी मुलगी, टाकलेली म्हणून कीव केली गेलेली पत्नी आणि ख्रिस्ती लेखिका या तिघीही ‘मीच’ असे त्यांना म्हणता आले, कारण या तिघींना जोडणारी गोष्ट त्यांच्यापाशी होती.

सीमावर्ती विकारात नेमकी ही जोडणी दुबळी पडते. ‘सीमा’ हा शब्द कोठून आला? न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ साली एका निबंधात अशा रुग्णांचे वर्णन केले, की जे त्या वेळच्या दोन ठरावीक कप्प्यांपैकी कोणत्याच कप्प्यात बसत नव्हते. सौम्य मनोविकार आणि वास्तवाचे भान हरपणारे गंभीर मनोविकार, यांच्या मधल्या रेषेवर ते उभे आहेत असे समजून त्यांना ‘सीमेवरचा गट’ म्हटले गेले. नाव रुग्णाच्या दुःखावरून न पडता वैद्यांच्या अडचणीवरून पडले. पुढील काही दशके ‘बॉर्डरलाइन’ हा शब्द रुग्णालयांतून त्रासदायक रुग्णासाठी जवळजवळ दूषणासारखा वापरला गेला.

या दुःखाचे मर्म ज्यांनी ओळखले, त्यांना स्वतःलाही ओळखीचा प्रश्न जवळून ठाऊक होता. ‘अस्मितेचा पेचप्रसंग’ ही कल्पना रूढ करणाऱ्या एरिक एरिक्सन यांना आपला जन्मदाता पिता कोण, हे कधीच कळले नाही. सावत्र वडिलांचे आडनाव बाजूला ठेवून त्यांनी अमेरिकेत स्वतःचे नवे आडनाव घेतले. ऑटो कर्नबर्ग यांचा जन्म १९२८ साली व्हिएन्नात झाला आणि नाझी राजवटीमुळे बालपणीच त्यांना कुटुंबासह चिली देशात जावे लागले. कर्नबर्ग यांनी १९६७ साली या विकाराच्या गाभ्याशी ‘अस्मितेचे विखुरणे’ आहे असे दाखवून दिले. १९८० साली अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत हा विकार अधिकृतपणे समाविष्ट केला. आज त्या ग्रंथात याची नऊ लक्षणे दिली असून त्यांपैकी किमान पाच असल्यास निदान केले जाते. जवळचे माणूस सोडून जाईल ही भीती, टोकाला जाणारी नाती, डळमळीत आत्मप्रतिमा, अविचारी कृती, स्वतःला इजा करणे, झपाट्याने पालटणाऱ्या भावना, सततची पोकळी, अनावर राग आणि ताणाच्या वेळी येणारा संशय किंवा बधिरपणा, ही ती लक्षणे होत.

डळमळीत आत्मप्रतिमा म्हणजे काय, हे घरातील माणसांना अनुभवाने कळते, पण त्याचा अर्थ कळत नाही. काल धाकट्या बहिणीला जीव की प्राण म्हणणारी मुलगी आज तिला वैरीण म्हणते. ‘कालच तर तू निराळे बोलत होतीस’ असे कोणी म्हटले, की ती अधिकच बिथरते. आपण याला ढोंग म्हणतो. वस्तुतः रागाच्या किंवा भीतीच्या त्या क्षणी प्रेमाची आठवण तिच्या हाताशीच येत नाही. घटना ठाऊक असते. पण तिची ऊब निघून गेलेली असते. प्रत्येक भावनेगणिक आयुष्याची गोष्ट नव्याने लिहावी लागत असेल, तर ‘मी कोण’ याचे स्थिर उत्तर कोठून सापडावे?

संशोधकांनी याचा मागोवा घेतला आहे. १९८६ साली इंग्लंडमध्ये मार्क विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांना असे दिसले, की आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तींना एखादा विशिष्ट प्रसंग सांगण्यास सांगितले, तर त्या ‘नेहमी असेच होई’ अशा सर्वसाधारण विधानाकडे वळतात. सीमावर्ती विकाराच्या रुग्णांतही काही अभ्यासांना हाच प्रकार आढळला, काहींना आढळला नाही. त्यामुळे तो नियम मानता येत नाही. आयुष्यकथा सांगताना मात्र या व्यक्तींच्या कथनात घटनांची सुसंगती कमी असते आणि आपल्या जीवनाची सूत्रे आपल्या हाती आहेत ही जाणीवही दुबळी असते, असे अलीकडील अभ्यास सांगतात. कारणांत आनुवंशिक हळवेपणाही असतो आणि परिस्थितीही. अनेक रुग्णांच्या बालपणी उपेक्षा किंवा अत्याचार घडलेला असतो, सर्वांच्याच नव्हे.

या इतिहासात एका कॅथोलिक स्त्रीचे स्थान मोठे आहे. मार्शा लिनेहन यांचा जन्म १९४३ साली अमेरिकेतील तुल्सा येथे झाला. १९६१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना हार्टफर्ड येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. स्वतःला सतत इजा करून घेत असल्यामुळे त्यांना एकान्तकोठडीत ठेवले गेले, विजेचे झटके दिले गेले, निदान स्किझोफ्रेनियाचे करण्यात आले. दोन वर्षांहून अधिक काळानंतर त्या बाहेर पडल्या, तेव्हा मागील आयुष्याच्या आठवणी बहुतांशी पुसल्या गेल्या होत्या. १९६७ साली शिकागोच्या सिनेकल साधनागृहातील प्रार्थनामंदिरात क्रुसापुढे गुडघे टेकले असताना त्यांना उत्कट आध्यात्मिक अनुभव आला. त्यानंतर आपले स्वतःवर प्रेम आहे, हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले. स्वतःविषयी ‘मी’ म्हणून बोलल्याचे त्यांना आठवते ते त्या क्षणी प्रथमच. जून २०११ मध्ये, आपण जेथे रुग्ण होतो त्याच रुग्णालयात, त्यांनी हे सारे जाहीरपणे सांगितले. २०२० साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा तरुणपणाच्या घटनांसाठी त्यांना कुटुंबीयांच्या आणि मैत्रिणींच्या आठवणींचा आधार घ्यावा लागला होता.

त्या एका अनुभवावर त्या विसंबून राहिल्या नाहीत. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातून त्यांनी १९७१ साली मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ ही उपचारपद्धती घडविली. तिची पहिली शास्त्रीय चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. रुग्ण जसा आहे तसा स्वीकारणे आणि त्याला बदलायला शिकविणे, या दोन्हींचा तोल हे तिचे सूत्र. तिच्यात ‘साखळी विश्लेषण’ नावाचा एक साधा पण परिणामकारक भाग आहे. संकट घडून गेल्यावर रुग्ण आणि उपचारक एकत्र बसून त्या दिवसाची कडी न् कडी जोडतात : सकाळी काय झाले, कोण काय बोलले, मनात कोणता विचार आला, हात कशाकडे गेला. तुटलेला धागा असा एकेका दिवसापुरता पुन्हा गुंफला जातो.

फळ मिळते काय? १९९२ साली अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी या विकाराच्या २९० रुग्णांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. दहा वर्षांच्या अखेरीस त्यांच्यापैकी ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली आढळली. काम आणि नाती यांसह पूर्ण सावरलेले सुमारे निम्मे होते. ‘हा स्वभाव आहे, तो मरेपर्यंत जायचा नाही’ ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली.

आपल्याकडे कायद्याला आणि समाजालाही शिकावे लागले. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतील ‘ल्युनसी’ कायद्यानंतर १९८७ चा आणि त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे, असे या शेवटच्या कायद्याने ठरविले. ख्रिस्तसभेची वाटचालही त्याच दिशेने झाली. १९१७ च्या धर्मसंहितेने जाणूनबुजून जीव देणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेतून ते कलम गेले. गंभीर मानसिक क्लेशामुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होते आणि तिच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथाने सांगितले.

श्रीपूरसारख्या ठिकाणाहून पुण्याचे येरवडा मनोरुग्णालय दूर आहे, आणि या विकाराच्या बहुतेक रुग्णांना तेथे ठेवण्याची गरजही नसते. नियमित बाह्योपचार, प्रशिक्षित समुपदेशक आणि समजूतदार घर यांची गरज असते. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध झाली आहे; तेथे मराठीतही बोलता येते. जिवाला धोका वाटत असेल, तर मात्र नजीकच्या रुग्णालयात नेण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

उपचार तज्ज्ञांचे, परंतु एक काम घरच्यांखेरीज कोणी करू शकत नाही. ज्याला आपली चांगली आठवण ऐन वेळी सापडत नाही, त्याच्यासाठी ती सांभाळून ठेवणे हे ते काम. त्यासाठी जुने फोटो, पत्रे, शाळेचे दाखले, बाप्तिस्म्याची तारीख जपावी. शांत वेळी ‘त्या दिवशी तू आजीला उचलून दवाखान्यात नेलेस’ असा एखादा नेमका प्रसंग सांगावा. ‘तू नेहमी अशीच’ हे वाक्य मात्र कटाक्षाने टाळावे, कारण ते त्या व्यक्तीची सारी वर्षे एका वाईट दिवसात कोंबते. तिची आठवण आपल्या आठवणीशी जुळली नाही, तर लगेच खोटे पाडू नये. आधी तिचे दुःख ऐकावे. उद्या मन पालटले तरी आपण तेच आई-वडील, तोच भाऊ म्हणून समोर असलो, की त्या सातत्यातूनच तिला हळूहळू स्वतःचे सातत्य सापडू लागते.