चार आवाजांची पेटी

खेळणे म्हणून जन्मलेल्या वस्तूने वाद्याची प्रतिष्ठा मिळवावी, याचे मला मोठे नवल वाटते. निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’ १९८९ साली जपानात निघाला. त्याच्या पोटी आवाज चारच : दोन चौकोनी लहरींचे, एक ३२ टप्प्यांत हवी तशी घडविता येणाऱ्या लहरीचा, अन् एक नुसत्या खरखरीचा. पुढे हॅम्बुर्गच्या ऑलिव्हर विट्चोवने १९९८ मध्ये ‘नॅनोलूप’ रचले, स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीने २००० मध्ये ‘लिटल साउंड डीजे’. आणि या डबीवर चाली बांधता येऊ लागल्या.

मग प्रश्न आला निवडीचा. १९९८ चा ‘कलर’ दुप्पट वेगाने चालू शकतो, म्हणून गुंतागुंतीची रचनाही अडखळत नाही. शिवाय तो दोन सेलांवर भागवतो, मूळ पेटीला चार लागतात. हिशेबी गिऱ्हाईक ‘कलर’च उचलील. पण मूळ पेटीचा खर्ज अधिक भरदार, म्हणून मैफलीला पुष्कळ वादक तीच घेतात. मलाही तोच कौल पटतो. तशा पेट्या आता निर्माण होत नाहीत. तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत एखादी सापडलीच, तर भंगारात घालण्यापूर्वी तिचा आवाज एकदा ऐका.