काट्यापासून आकड्यापर्यंत : मुंबई उपनगरांतील मल्टिमीटर

व्होल्ट, अँपिअर आणि ओहम या तिन्ही राशी एकाच पेटीत मोजणारे उपकरण म्हणजे मल्टिमीटर. ब्रिटिश पोस्ट खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकाडी तारांच्या कामासाठी वेगवेगळी मापके बरोबर बाळगून कंटाळला होता. त्यातून १९२३ साली ‘अ‍ॅव्हो’ हा मीटर बाजारात आला. त्याच दशकाच्या अखेरीस, १९२९ मध्ये, ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईच्या उपनगरांना वीजपुरवठा होऊ लागला. मुलुंड आणि भांडुप हा भाग मात्र राज्य वीज मंडळाकडे गेला व आजही तो महावितरणकडे आहे. १९५० साली जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतचा, तर १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा प्रदेश महापालिकेत आला. या वाढत्या वस्तीतल्या घराघरांत विजेची उपकरणे आली आणि ती बिघडल्यावर उघडून पाहणारा मेकॅनिकही आला.

मल्टिमीटर महाग होता तोवर या मेकॅनिकचे मुख्य साधन म्हणजे सिरीज बल्ब. घरच्या प्लगमधून दोन वायरी काढायच्या, एकीत बल्ब जोडायचा आणि उघडी टोके बिघडलेल्या वस्तूला लावायची. बल्ब पेटला नाही तर आत कुठेतरी तार तुटलेली, म्हणजे ‘ओपन’. लख्ख पेटला तर ‘शॉर्ट’. पद्धत स्वस्त होती, पण उघड्या टोकांवर थेट २३० व्होल्ट असत. शिवाय ती खरी उपयोगी पडे ती ढोबळ बिघाडांसाठीच. हजार वॅटच्या इस्त्रीच्या कॉइलचा रोध सुमारे ५३ ओहम असतो, तर ६० वॅटच्या पेटलेल्या बल्बचा जवळपास ९०० ओहम. त्यामुळे इस्त्री धडधाकट असो वा शॉर्ट, बल्ब जवळजवळ सारखाच पेटतो. ५३ आणि शून्य यांतला फरक सांगायला मीटरच लागतो, तोही वीज न जोडता. नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून थंड इस्त्रीवर घेतलेले मापही विश्वासाचे ठरते.

मीटरची खरी गरज रेडिओने निर्माण केली. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९४० साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल एको’चे, पुढे ‘नेल्को’ म्हणून ओळखल्या गेलेल्या टाटांच्या कंपनीचे रेडिओ घरोघरी पोहोचले आणि ठाण्यात मर्फीचे सेट तयार होऊ लागले. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये दोनशे-अडीचशे व्होल्टचा दाब खेळतो. कुठल्या व्हॉल्व्हच्या कुठल्या पायावर किती व्होल्ट हवेत हे कंपनीच्या सर्किट आकृतीत छापलेले असे. मेकॅनिकचे काम म्हणजे छापलेला आकडा आणि काट्याने दाखवलेला आकडा ताडून पाहणे. इथे मीटरचा दर्जा कळीचा ठरे. प्रतिव्होल्ट १,००० ओहमचा साधा मीटर शंभर व्होल्टच्या रेंजवर लावला की तो स्वतःच एक लाख ओहमचा भार होतो. ज्या ठिकाणी आधीच दोन लाख ओहमचा रोध आहे, तिथे दाब निम्म्याहूनही खाली उतरतो आणि निर्दोष व्हॉल्व्हला दोष दिला जातो. ‘अ‍ॅव्हो ८’ प्रतिव्होल्ट २०,००० ओहमचा होता. त्याचे माप खऱ्याच्या पुष्कळ जवळ जाई.

असे मीटर देशात बनू लागले तेव्हा त्यांत ‘मोटवाने’ हे नाव मेकॅनिकांच्या तोंडी बसले. १९०९ साली सिंधमधल्या सक्करमध्ये सुरू झालेला हा व्यवसाय ‘शिकागो रेडिओ’ म्हणून मुंबईत नावारूपाला आला. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात उषा मेहतांबरोबर या घराण्यातील नानिक मोटवाने यांनाही अटक झाली होती. पुढे त्यांच्या नाशिकरोडच्या कारखान्यातून मल्टिमीटर बाहेर पडू लागले. उपनगरातला मेकॅनिक सुट्या भागांसाठी लोकल पकडून ग्रँट रोडला उतरे आणि लॅमिंग्टन रोड गाठे. शिक्षणाचे दोन मार्ग होते. एक, १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिलेल्या आयटीआयचा. दुसरा, उस्तादाच्या हाताखालचा.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. पुढच्याच वर्षी अंधेरी पूर्वेला ‘सीप्झ’ हे इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठीचे क्षेत्र स्थापन झाले. १९८१ साली ‘ओनिडा’ टीव्ही बनवणारी मिर्क इलेक्ट्रॉनिक्स उभी राहिली; अंधेरीतल्या महाकाली केव्हज रोडवरचे तिचे ‘ओनिडा हाउस’ परिचित आहे. १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले. टीव्हीच्या दुरुस्तीने मीटर वापरणाऱ्याची खरी परीक्षा घेतली. पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवर रंगीत सेटमध्ये वीस हजारांहून अधिक व्होल्ट असतात. साध्या मल्टिमीटरची मर्यादा हजाराच्या आसपास, म्हणून तिथे वेगळा हाय-व्होल्टेज प्रोब लागतो. सेट बंद केल्यावरही ट्यूब कपॅसिटरसारखा भार धरून ठेवते. तो अर्थला उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम.

नेहमीचा बिघाड ‘ईएचटी’, म्हणजे अतिउच्च दाबाच्या, भागातला. ‘बीयू २०५’ किंवा ‘बीयू २०८’ ट्रान्झिस्टर शॉर्ट होई आणि मीटरचा काटा दोन्ही दिशांनी थेट शून्यावर जाई. पण भाग सर्किटमध्ये असतानाचे माप फसवे असते, कारण शेजारच्या कॉइलमधून वा रोधातून प्रवाहाला दुसरी वाट मिळते. एक पाय सोडवून पुन्हा मोजणारा आणि न सोडवताच निदान करणारा, यांच्यातच चांगला आणि वाईट कारागीर वेगळा पडे. काट्याच्या मीटरला आणखी एक खोड होती. ओहमच्या रेंजवर आतल्या बॅटरीचे धन टोक काळ्या प्रोबवर येई, त्यामुळे डायोड तपासताना रंग उलटे धरावे लागत. डिजिटल मीटरमध्ये लाल प्रोबच धन असतो. जुन्या हातांना ही सवय मोडावी लागली.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘आयसीएल ७१०६’ सारखी एकाच चिपमध्ये मापन आणि आकडे दाखवण्याची सोय असलेली सर्किटे निघाली. आयात खुली झाल्यावर पिवळ्या रंगाचे स्वस्त डिजिटल मीटर बाजारात पसरले आणि मीटर नवशिक्याच्याही खिशात आला. मापन सर्वांच्या हाती आले ही फार मोठी गोष्ट होती. तरीही कपॅसिटर चार्ज होताना उसळून परतणारा काटा जे एका नजरेत सांगे, ते धावत्या आकड्यांत तितके सहज दिसत नाही. म्हणून काही काउंटरवर दोन्ही मीटर शेजारी शेजारी राहिले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भिजलेल्या टीव्ही, फ्रिज आणि मोटारींनी मल्टिमीटरची मर्यादाही दाखवून दिली. ओलसर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातली गळती काही व्होल्टच्या बॅटरीवर दिसतेच असे नाही. २३० व्होल्ट मिळताच ती उघड होते. तिथे ५०० व्होल्ट लावून गळती मोजणारा मेगर लागतो.

मोबाइलच्या काउंटरवर मीटर बहुधा डायोड मोडवर असतो; एकेका बिंदूचे अर्थशी माप घेऊन शॉर्ट शोधला जातो. ई-सिगारेट हे याच जगातले उपकरण, म्हणजे एक लिथियम सेल आणि साधारण अर्धा ते दीड ओहमची तापक तार. इतक्या लहान रोधात मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोधही मापात मिसळतो. म्हणून आधी प्रोब एकमेकांना टेकवून दिसणारा आकडा वजा करावा लागतो. ४.२ व्होल्टच्या सेलवर अर्ध्या ओहमची तार ८.४ अँपिअर ओढते. रोध त्याहून घटला तर सेल धोकादायक तापू शकतो. भारतात मात्र सप्टेंबर २०१९ चा अध्यादेश आणि त्याच डिसेंबरातला कायदा यांनी ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवणूक यांवर बंदी घातली. उत्पादन, आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

आजच्या कारागिरापुढची अडचण मीटरची नाही. रेडिओच्या काळात सर्किट आकृती हाती असे. आता ती बहुतेक कंपन्या देत नाहीत, आणि अपेक्षित आकडा ठाऊक नसेल तर मोजलेला आकडा फारसे काही सांगत नाही. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, पोर्टल सुरू केले; मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू, वाहने आणि शेतीची अवजारे ही चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत.