वहीपासून मोबाइलपर्यंत : अभंगाची वाट

आषाढीच्या आधी भोकरदन, मंठा किंवा घनसावंगीच्या एखाद्या बसथांब्यावर नजर टाकावी. कॉलेजला निघालेला एखादा मुलगा कानात तार घालून मोबाइलवर अभंग शोधत असतो. अभंगाचे दोन शब्द टाइप केले की क्षणात दहा गायक पुढे येतात. आवडलेली चाल तो मित्रांच्या ग्रुपवर पाठवतो आणि संध्याकाळी हरिपाठाला तीच चाल म्हणून पाहतो. गावातल्या जुन्या टाळकऱ्याला याचे नवल वाटते आणि थोडी काळजीही वाटते. एका अभंगासाठी चार कोस चालत जाण्याचे दिवस त्याने पाहिलेले असतात. पण संप्रदायाचा इतिहास पाहिला, तर हे पोर जे करते आहे ते आपल्याकडे सातशे वर्षे चालू आहे. चांगले ऐकावे, जपून ठेवावे आणि दुसऱ्याला द्यावे, हाच आपला व्यवहार राहिला आहे. साधने तेवढी बदलली.

नेवाशाला १२९० साली ज्ञानोबारायांनी गीतेवर निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. त्या एका लेखनातून पुढे प्रती निघाल्या, प्रतींच्याही प्रती झाल्या. उतरवून घेणाऱ्यांच्या हातून पाठ बदलले, काहींनी पदरच्या ओव्याही घातल्या. म्हणून आपल्या अंबड तालुक्याच्या शेजारी असलेल्या पैठणला नाथमहाराजांनी अनेक प्रती ताडून पाहिल्या आणि १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथांना वाटण्याची अडचण नव्हती, ग्रंथ घरोघरी पोहोचलाच होता. पोहोचताना त्यात जे मिसळले होते, ते निवडणे हे त्यांचे काम होते. आजच्या मुलांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

नामदेवरायांची वाणी तर याहून लांब गेली. १६०४ साली शिखांच्या आदिग्रंथाचे संकलन झाले, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. चंद्रभागेच्या वाळवंटातला हा गायक पंजाबात पोहोचला तो ऐकणाऱ्यांच्या आणि गाणाऱ्यांच्या मुखातून. त्याच वेळी महाराष्ट्रात दुसरी गोष्ट घडली. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना नामदेवांच्या अभंगांत मिसळल्या. दोघांची मुद्रा ‘नामा’च. कोणते पद कोणाचे, हे निवडताना अभ्यासकांना आजही कष्ट पडतात.

तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत संताजी महाराज जगनाडे यांचे नाव आपण आदराने घेतो. संताजी टाळकरी होते, तसेच लेखकही होते. एका हातात टाळ आणि दुसऱ्या हातात वही, अशी ही परंपरा आहे. तुकोबांचा जन्म १६०८ सालचा मानतात. त्याच साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांब या गावी समर्थ रामदासस्वामी जन्मले. समर्थांचा संप्रदाय वेगळा, पण तिथेही तीच रीत दिसते. समर्थ सांगत आणि कल्याणस्वामी लिहीत. मठामठांतून त्या ग्रंथाच्या नकला होत. पुढे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव फिरून अशी हस्तलिखिते जमवली, म्हणून ती वाचली.

या हस्तलिखित वहीला आपल्याकडे बाड म्हणतात. त्यात एकाच संताचे अभंग असतील असे नाही. काकड्याचे, गौळणी, भारुडे, आरत्या, जे ज्याला भेटले ते त्याने उतरवून घेतले. शिकणारा मुलगा दुसऱ्या गावच्या भजनीबुवांकडे जाई, त्यांची वही मागे, रात्री दिव्याजवळ बसून नक्कल करी आणि वही परत देई. बाड म्हणजे त्या मुलाने आयुष्यभर शोधून गोळा केलेला ठेवा. नक्कल पुरी झाली की शेवटी तो तिथी लिही, गाव लिही, स्वतःचे नाव लिही आणि हातून काही चुकले असेल तर वाचणाऱ्याने सुधारून घ्यावे अशी विनंती करी. या चार ओळींना मोठी किंमत आहे. वस्तू कुठून आली आणि कोणाच्या हातून आली, हे त्या सांगतात.

मग छपाई आली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली. तुकोबांची गाथा मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत निघाली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्या ताडून साडेचार हजारांहून अधिक अभंग एकत्र केले. नाथांनी पैठणला केले तेच काम पंडितांनी मुंबईत केले.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास जालन्यावरून सुरू झाली आणि पुण्यामुंबईकडची पुस्तके इकडे येणे सोपे झाले. पण राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दू. हैदराबादला १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दू हेच माध्यम होते. अशा काळात खेड्यातल्या पोराच्या कानावर उत्तम मराठी पडे ती हरिपाठात, सप्ताहात आणि कीर्तनात. १७ सप्टेंबर १९४८ ला हे राज्य भारतात आले, पण तोवर भाषा जपण्याचा मोठा भार विठ्ठलमंदिराच्या ओट्याने वाहिला होता.

छापील गाथेत शब्द मिळाले, चाल मिळाली नाही. चाल तोंडातून कानात जाते. ती शिकायची तर फडात उभे राहावे लागे, विणेकऱ्याच्या मागे टाळ धरावा लागे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि या शिक्षणाला शिस्त आली. विद्यार्थी तिथे राहून पाठांतर, गायन, मृदंग आणि कीर्तन शिकू लागले. मराठवाड्यातली मुलेही तिथून शिकून गावी परतली आणि इथल्या सप्ताहांत उभी राहिली. शिवाय दिंडी हीच चालती शाळा. मुक्ताईनगरहून निघणारी मुक्ताबाईंची पालखी जालना, अंबड, बीड या वाटेने पंढरीला जाते. तिच्या मुक्कामी खानदेशातली चाल आमच्या गावाने ऐकली आणि आमची त्यांनी नेली.

विसाव्या शतकात तबकडी आली, बोलपट आला, आकाशवाणी आली. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली निघाला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा लोकांनी देवघरात नेऊन ठेवले. त्या चित्रपटात बीज आणि वृक्षाच्या दाखल्याचे एक पद आहे. ते शांताराम आठवले यांनी लिहिले. ते इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले की अनेक जण त्याला तुकोबांचा अभंग समजले आणि भजनातही म्हणू लागले. आठवल्यांची ही थोरवीच. पण गाथा उघडून पाहणाऱ्याला ते पद तिथे सापडत नाही.

पुढे पंडित भीमसेन जोशींच्या अभंगवाणीने अभंग मैफलीत नेला. प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातला विठ्ठल १९८० नंतर कॅसेटवरून चहाच्या टपरीपर्यंत आला. १९८१ साली १ मे रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. त्या दशकात यात्रेहून परतताना प्रसादाबरोबर कॅसेटही पिशवीत येऊ लागली.

आणि आता मोबाइल. याचे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. ज्या मुलीला गावच्या फडात टाळ घेऊन उभे राहायला कधी मिळाले नाही, ती घरी बसून चाल शिकते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर फडावर राहिलेला मुलगा खोपीत काकडा ऐकतो. पूर्वी अभंगासाठी ओळख लागे, कुणाची तरी मर्जी लागे. आज वहीला कुलूप नाही. संतांना हे आवडलेच असते.

अडचण वेगळी आहे. बाडाच्या शेवटी असलेल्या त्या चार ओळी गळाल्या. कोणी तरी पाठवले, कोणी तरी पुढे ढकलले. अभंग कोणाचा, गाथेत आहे की नाही, चाल कोणत्या फडाची, काही कळत नाही. कालपरवा लिहिलेल्या ओळीखाली तुकोबांचे चित्र लावले की ती तुकोबांची होते. दुसरे असे की, जे पुष्कळ लोक पाहतात तेच यंत्र पुन्हा पुन्हा पुढे करते. मग बदनापूरपासून परतूरपर्यंत सगळीकडे एकच चाल ऐकू येते आणि गावच्या म्हाताऱ्या बुवांची चाल मागे पडते. तिसरे सर्वांत मोठे. फडात चुकलो तर विणेकरी डोळ्यांनी थांबवतो. मोबाइल कुणालाही थांबवत नाही.

यावर उपाय जुनाच आहे आणि तो तरुणांच्याच हातात आहे. अभंग पाठवताना खाली चार ओळी लिहाव्यात : अभंग कोणाचा, गाथेत कितवा, गाणारे कोण, चाल कोणाकडून आली. गाथेत सापडला नाही तर तसे लिहावे. ज्या कवीने लिहिले त्याचे नाव द्यावे, त्यात कमीपणा नाही. गाथा हाताशी ठेवून ताडून पाहणे म्हणजे नाथांच्याच मार्गाने एक पाऊल टाकणे आहे.

आणि एक काम या पिढीशिवाय कोणाला जमणार नाही. आपल्या गावात सत्तरी ओलांडलेले टाळकरी, मृदंगवादक, जात्यावर ओव्या गाणाऱ्या माउल्या अजून आहेत. त्यांच्या चाली कोणत्याही तबकडीवर नाहीत, कॅसेटवर नाहीत. त्यांच्यासमोर बसावे, परवानगी घ्यावी, मोबाइल पुढे ठेवावा आणि आधी एकदा त्यांच्याबरोबर म्हणावे. मग ध्वनिमुद्रण करावे आणि त्यावर नाव, गाव, तिथी घालावी. संताजींनी वही धरली म्हणून तुकोबा आपल्यापर्यंत आले. आजच्या मुलाच्या खिशात तीच वही आहे. तिच्यात काय उतरवून घ्यायचे, ते मात्र त्यालाच ठरवावे लागेल.

रामकृष्णहरि.