माजी सैनिकांचा सत्कार झाला, पण बायकोचं नाव कागदावर बरोबर आहे का? गोरेगाव परिसरातील फौजी कुटुंबांसाठी माहिती

गोरेगाव (ता. सेनगाव) : 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की गावोगावी माजी सैनिकांना शाल-श्रीफळ दिलं जातं, वीरमाता आणि वीरपत्नींना पुढच्या खुर्चीत बसवलं जातं. हे व्हायलाच पाहिजे. पण माजी सैनिक वारल्यावर त्याच्या घरी खरी अडचण सुरू होते ती कागदांची. मागे राहिलेली बाई फॅमिली पेन्शनसाठी अर्ज करते, आणि डिस्चार्ज बुकात तिचं नाव वेगळं, आधार कार्डावर वेगळं निघतं. कुठे माहेरचं नाव लागलेलं, कुठे जन्मतारीख चुकलेली, तर कुठे लग्नाची नोंदच झालेली नाही. मग गोरेगावहून हिंगोलीला चकरा सुरू होतात.

हिंगोलीचं आणि फौजेचं नातं तसं जुनं. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, ती 1903 पर्यंत राहिली. आजही जिल्ह्यातली पोरं पहाटे उठून रस्त्यावर धावताना दिसतात, ती भरतीसाठीच.

आधी हे तपासा
नवरा हयात असतानाच डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) बाहेर काढा. त्यातलं पत्नीचं नाव, जन्मतारीख आणि मुलांची नावं आधार, पॅन व बँक पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत संबंधित रेकॉर्ड ऑफिसला जातो. सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे वेगळं असतं : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. सैनिक स्वतः सही करायला असतो तोवर हे काम सोपं. तो गेल्यावर हेच काम बाईला एकटीने करावं लागतं, म्हणून ते पुढच्या वर्षावर ढकलू नये.

पेन्शनचा कारभार आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर आहे. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो, नाही तर पेन्शन थांबते. तो सीएससी केंद्रावर अंगठा लावून किंवा मोबाइलवर 'जीवन प्रमाण' अॅपमधून देता येतो. अॅपमध्ये चेहरा दाखवूनही काम होतं, त्यामुळे अंगठ्याचे ठसे पुसट झालेल्या म्हाताऱ्या माणसांनी हा मार्ग धरावा.

सैनिक वारल्यावर
ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला काढून लगेच बँकेला आणि 'स्पर्श'ला कळवायचं. काही घरांत एटीएम कार्ड पोराकडे असतं आणि नंतरही एक-दोन महिने पैसे काढले जातात. ते पैसे पुढे वसूल होतात, आणि कापले जातात ते आईच्या पेन्शनमधून.

साध्या फॅमिली पेन्शनचा दर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के आहे. पेन्शनवर आलेला सैनिक वारल्यास पहिली 7 वर्षं, किंवा तो 67 वर्षांचा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर वाढीव दर मिळतो. नोकरीमुळे आलेल्या मृत्यूला विशेष फॅमिली पेन्शन 60 टक्के, आणि युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना वीरमरण आल्यास शेवटच्या पगाराइतकी पूर्ण.

पेन्शन नसलेले
जवानाला पेन्शनसाठी साधारण 15 वर्षं नोकरी लागते. त्याआधी घरी आलेले, आता वय झालेले काही जण आहेत. हवालदार दर्जापर्यंतच्या, 65 वर्षांवरच्या, नियमित उत्पन्न नसलेल्या अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा मदत मिळते. ती 4,000 होती, नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8,000 रुपये झाली. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाची मदत महिन्याला 1,000 वरून 2,000 (दोन मुलांपर्यंत) आणि मुलीच्या लग्नाची मदत 50,000 वरून 1 लाख झाली. ही मदत घरी चालत येत नाही, अर्ज करावा लागतो. सावकाराकडे जाण्याआधी एवढं विचारून तरी बघावं.

घरपट्टी
राज्य सरकारने 2020 मध्ये ग्रामपंचायत हद्दीतल्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ केली. त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यावं लागतं. दिलं नाही तर ग्रामसेवक नेहमीसारखी पावती फाडणारच. शहीद जवानाच्या पत्नीला एसटीचा आजीवन मोफत पासही आहे.

कोण माजी सैनिक, कोण नाही
इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. गावात सीआरपीएफ, बीएसएफ, हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस बलाचा जवान, सगळ्यांनाच आपण फौजी म्हणतो आणि मानही सारखाच देतो. पण वरच्या योजना लष्कर, नौदल, हवाई दल यांच्यासाठी. सीआरपीएफ-बीएसएफ गृह मंत्रालयाखाली येतं, त्यांच्या कुटुंबांनी आपल्या दलाच्या कल्याण कार्यालयाकडे जावं. अग्निवीर म्हणून चार वर्षं करून परत येणाऱ्या पोरांना सध्याच्या नियमात पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, हे भरतीआधीच घरात बोललेलं बरं.

7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, 1949 पासून पाळला जातो. या निधीतून माजी सैनिक, विधवा आणि त्यांच्या मुलांसाठी मदत दिली जाते. शाळेत पोरांच्या छातीला छोटा झेंडा लावून पाच-दहा रुपये घेतले जातात, ते यासाठीच.

कार्यालयात जाताना डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिक किंवा विधवा ओळखपत्र, दोघांचं आधार आणि बँक पासबुक यांच्या दोन-दोन झेरॉक्स न्याव्यात. मूळ कागद दाखवायचे, पण तिथे ठेवून यायचे नाहीत. वयस्कर बाई एकटी असेल तर शेजारच्या शिकलेल्या पोराने किंवा पोरीने तिच्यासोबत जावं. कोणी फोनवर ओटीपी मागितला किंवा 'पेन्शन वाढवून देतो' म्हणाला तर फोन ठेवून द्यावा.