ल्यूथरन विद्यापीठ-सेवाकार्य, अमेरिकेतील

अमेरिकेतील विद्यापीठांच्या परिसरात ल्यूथरन चर्चने विद्यार्थ्यांसाठी चालवलेले धर्मसेवेचे काम. साप्ताहिक उपासना, बायबलचा अभ्यास, एकत्र जेवण आणि अडचणीच्या वेळी पाळकांचा आधार ही त्याची नेहमीची अंगे. अमेरिकेतील सर्वांत मोठी ल्यूथरन संघटना म्हणजे ‘इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका’ (ईएलसीए). तिच्याशी जोडलेल्या केंद्रांचे दार पंथ, वंश वा लिंगभाव न पाहता, श्रद्धा नसलेल्यांनाही खुले असते. ही नोंद मुख्यतः त्या केंद्रांविषयी आहे.

ल्यूथरन परंपरेचा जन्मच विद्यापीठात झाला. मार्टिन ल्यूथर व्हिटेनबर्ग विद्यापीठात बायबल शिकवत असे आणि १५१७ मधील त्याचे ९५ सिद्धान्त विद्वानांच्या चर्चेसाठी मांडलेले होते. अमेरिकेत मात्र १८६२ च्या मॉरिल कायद्यानंतर वाढलेली राज्य विद्यापीठे चर्चच्या ताब्याबाहेरची होती. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात स्थायिक झालेल्या जर्मन आणि नॉर्वेजियन कुटुंबांतील मुले तिथे शिकू लागली. १९०७ मध्ये मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात पहिला पूर्णवेळ ल्यूथरन पाळक आला, तो या मुलांची काळजी वाहण्यासाठी. म्हणजे सुरुवातीचा हेतू आपली माणसे सांभाळण्याचा होता. १९२२ मध्ये विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटनाही उभी राहिली.

‘आपली माणसे’ ही कल्पना पुढे रुंदावत गेली आणि तिचे बळ ल्यूथरच्या मूळ शिकवणीत होते. माणूस देवाला स्वीकारार्ह ठरतो तो स्वतःच्या पुण्याईने नव्हे, निव्वळ कृपेने, असे ती सांगते. हे मानणाऱ्या मंडळीने दारात कुणाची पात्रता विचारणे तिच्या श्रद्धेशीच विसंगत ठरते. तरीही चर्चला इथवर यायला फार काळ लागला आणि त्याची किंमत बाहेर ठेवल्या गेलेल्या माणसांनी मोजली.

या प्रवासातील एक ठळक घटना विद्यापीठातच घडली. २२ नोव्हेंबर १९७० रोजी मेरीलँड विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये एलिझाबेथ प्लाट्झ यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. उत्तर अमेरिकेतील त्या पहिल्या ल्यूथरन स्त्री-पाळक. विद्यार्थ्यांमधील त्यांचे काम आधीपासूनच चालू होते आणि त्याच विद्यापीठात त्या २०१२ पर्यंत राहिल्या. समलिंगी व्यक्तींच्या स्वीकाराची मागणी १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘ल्यूथरन्स कन्सर्न्ड’ने लावून धरली, ही संस्था आता ‘रीकन्सायलिंगवर्क्स’ म्हणून ओळखली जाते. ‘रीकन्सायलिंग इन ख्राइस्ट’ ही तिची योजना स्वीकारणाऱ्या मंडळ्या आणि केंद्रे आपले स्वागत मोघम न ठेवता, कुणाकुणाचे ते नाव घेऊन जाहीर करतात. ज्याला एकदा चर्चमधून परतावे लागले आहे, त्याच्यासाठी हा स्पष्टपणा आवश्यकच आहे. २००९ मध्ये मिनियापोलिस येथे भरलेल्या ईएलसीएच्या महासभेने एकनिष्ठ समलिंगी नात्यात राहणाऱ्यांना पाळकपद खुले केले.

हे स्वागत विद्यार्थ्यांपुरते थांबले नाही. बर्कली येथील युनिव्हर्सिटी ल्यूथरन चॅपेलने १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धावर जायला नकार देणाऱ्या ‘कोरल सी’ या विमानवाहू जहाजावरील नौसैनिकांना आश्रय देऊ केला. मार्च १९८२ मध्ये मध्य अमेरिकेतून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांना आसरा देण्याची जाहीर घोषणा करणाऱ्या मंडळ्यांतही ते होते. केंब्रिजमध्ये (मॅसॅच्युसेट्स) युनिव्हर्सिटी ल्यूथरन चर्चच्या तळघरात १९८३ पासून बेघरांसाठी हिवाळी निवारा आहे आणि तो हार्वर्डचे विद्यार्थी चालवतात. उपासनेला किती जण आले एवढ्यावरून या कामाचे मोल ठरवणे म्हणूनच अपुरे आहे.

सर्व ल्यूथरन मात्र एका मताचे नाहीत. मिसूरी सिनॉड या वेगळ्या ल्यूथरन पंथाची स्वतंत्र विद्यापीठ-केंद्रे आहेत. तो पंथ स्त्रियांना पाळकपद देत नाही आणि समलिंगी विवाहही मानत नाही. ईएलसीएच्या केंद्रांचा खर्च तिचे प्रादेशिक विभाग (सिनॉड), आसपासच्या मंडळ्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून भागतो. ईएलसीएचा एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेच्या) चर्चशी झालेला पूर्ण सहभागितेचा करार २००१ पासून अमलात आल्याने काही विद्यापीठांत दोन्ही चर्च मिळून एकच केंद्र चालवतात.